उपकाराचा पाहुणा

बायको गेली त्याला अजून वर्ष झालेलं नाही. आमच्यात म्हणतात, प्रभूत झोपी गेली. मी तिला मातीत ठेवताना उभा होतो, त्यामुळं मी 'गेली' असंच म्हणतो. लोकांना ते कठोर वाटतं. वाटू दे. सकाळी चहा अजून दोन कपांचा टाकतो आणि दोन्ही मीच पितो.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहिण्याची सवय नाही. पण आमच्या चर्चचा वाढदिवस जवळ आलाय, आणि शंभरी साजरी झाली तो दिवस मनातून जात नाही. तो दिवस म्हटला तर चर्चचा होता, आणि म्हटला तर तिचा.

इगतपुरीला लाइनीच्या वरच्या अंगाला आमचं चर्च आहे. काळ्या दगडाचं, वर कौलं. तिथले आम्ही जवळपास सगळेच रेल्वेचे. मी सांधेवाला होतो, म्हणजे गाडी या रुळावरून त्या रुळावर घालायचं काम. रविवारी भक्ती चालू असताना खालून मेल जायची. तिच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही. मग आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, बोलता बोलता थांबायचे. गाणं चालू असलं तर आम्ही गाणं थांबवायचो, पुस्तकात बोट ठेवून गप्प बसायचो आणि गाडी गेली की त्याच शब्दापासून पुढं. नवीन माणसाला हसू यायचं. आम्हाला त्यात काही वेगळं वाटायचं नाही.

बायको नाशिकची, बौद्ध घरातली. तिचा बाप गवंडी. उंच, पांढरे शुभ्र कपडे, पांढरे केस, आणि बोलणं मोजकं. त्याचं आणि माझं भांडण असं कधी झालं नाही, कारण तो माझ्याशी बोललाच नाही. मुलीनं चर्चमध्ये लग्न करायचं ठरवलं तेव्हा तिलाच एकदा म्हणाला होता, "आपण सगळं सोडून ताठ उभं राहिलो. तू आता परत कुणापुढं गुडघे टेकणार?" ते वाक्य ती विसरली नाही. बाप आमच्या घरी कधी आला नाही. दिवाळीला धाकट्या मेव्हण्याच्या हाती पोरांना कपडे पाठवायचा, पण आमच्या घरचं पाणी त्यानं घेतलं नव्हतं. मी म्हणायचो, जाऊ दे, तुझा बाप आहे, दगडाचं काम करून दगड झालाय. ती म्हणायची, "दगड नीट बसला की हलत नाही. तो कुठं बसवायचा तेच अजून जमलं नाही आपल्याला."

एकोणीसशे सत्तर-ऐंशीच्या मधली गोष्ट. चर्चला शंभर वर्षं व्हायची होती. मिटिंगमध्ये कुणी म्हणालं रंग लावा, कुणी म्हणालं मांडव घाला. तेव्हाचे आमचे पाळक म्हातारे आणि गमतीदार. ते म्हणाले, रंग लावू, मांडवही घालू, पण नुसतं देवाचे आभार मानून घरी जायचं नाही. प्रत्येक घरानं बाहेरचा एक पाहुणा आणायचा. ज्याचे आपल्यावर उपकार आहेत असा. त्याला गुलाबाचं फूल द्यायचं, सगळ्यांसमोर एक वाक्य बोलायचं, आणि पंगतीला बसवायचं.

मग एकेक घर नाव सांगायला लागलं. कुणी स्टेशन मास्तर सांगितला, कुणी सुईण, कुणी पावसाळ्यात उधारीवर तांदूळ देणारा वाणी. मी आमच्या फोरमनचं नाव घ्यायला उठणार, तोवर बायकांच्या बाजूनं ही उठली.

"माझे वडील," म्हणाली आणि बसली.

सगळ्यांना सगळं माहीत होतं. पाळकांनी नाव लिहून घेतलं.

घरी येताना मी विचारलं, येणार आहेत का ते. ती म्हणाली, येवोत न येवोत, उपकार त्यांचेच आहेत, खोटं नाव कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी एकटीच नाशिकला जाऊन आली. मी विचारलं काय म्हणाले.

"बघू म्हणाले."

"म्हणजे नाही."

"बघू म्हणजे बघू," ती म्हणाली, आणि त्या रात्री जेवली नाही.

नाताळ होऊन गेलेला, थंडी मरणाची. मोठा पाहुणा म्हणून एक निवृत्त पाळकसाहेब नाशिकहून यायचे होते. तरुणपणी ते आमच्या चर्चमध्ये होते. त्यांच्यासाठी पंचवटीहून एक जाडजूड हार मागवला होता, एकच. आमचे सेक्रेटरी शाळामास्तर, सगळे त्यांना गुरुजीच म्हणायचे. गुरुजी झांज-ढोलकीवाली पोरं घेऊन स्टेशनवर गेले. घोटाळा एवढाच झाला की त्या साहेबांना ओळखणारी सगळी म्हातारी माणसं थंडीमुळं चर्चमध्ये बसून राहिली होती. गुरुजींनी साहेबांना कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांना सांगितलं होतं, वयस्कर आहेत, उंच आहेत, नाशिककडच्या पॅसेंजरनं येतील.

मी चर्चच्या अंगणात मटणाच्या पातेल्याशी होतो. ही तांदूळ धूत होती. पहाटे उठून तिनं लसणाचं तिखट कुटलं होतं, बापाला त्याशिवाय घास उतरत नाही म्हणून, आणि डबी पदराखाली कमरेला खोचून ठेवली होती. मी पाहिलं होतं.

ढोलकीचा आवाज चढावरून वर आला. ही उठून उभी राहिली. हातातलं पाणी निथळत होतं.

"अहो, आबा."

"कुठं?"

"हाराखाली."

मी पाहिलं. पुढं झांजा, मागं गुरुजी हात जोडून, आणि मधे माझा सासरा. छातीभर हार, काखेत छत्री, चेहरा नेहमीसारखाच. गुरुजी त्याला 'साहेब, जरा जपून, पायरी आहे' असं म्हणत होते. माझ्या हातातली पळी पातेल्यात पडली. ती काढता काढता मी विचार करत होतो की आता काय. हा माणूस निमंत्रण होतं म्हणून आला. हार, वाजंत्री हे सगळं आपल्यासाठीच आहे असं समजून चालला असणार. आता कुणीतरी जाऊन सांगणार, माफ करा, हा हार तुमचा नाही. मग तो हार काढून देणार आणि स्टेशनकडं वळणार, आणि पुन्हा या जन्मात येणार नाही. मुलीनं बोलावून चार लोकांत अपमान केला, हेच डोक्यात घेऊन जाणार.

त्यांनी त्याला नेऊन पुढच्या मोठ्या खुर्चीवर बसवलं. गाणं सुरू झालं. मी दारात उभा, ही माझ्या शेजारी. आत म्हातारी माणसं एकमेकांकडं बघायला लागली. तेवढ्यात आमच्या मागून एक गृहस्थ आले. वयानं वाकून ठेंगणे झालेले, तपकिरी स्वेटर, हातात कापडी पिशवी. गाडी चुकली म्हणून एस्टीनं आले होते. मागच्या बाकावरच्या आजीबाईंनी त्यांना पाहिलं आणि 'साहेब' म्हणून त्या उठूनच उभ्या राहिल्या.

गुरुजींचा चेहरा मी बघत होतो. आधी लाल झाला, मग पांढरा. ते तसेच पुढं सरकले, सासऱ्याच्या खुर्चीकडं. त्यांचा हात हारापर्यंत पोचायला दोन पावलं राहिली असतील, आणि खालून मेल आली.

गाणं थांबलं. सगळे पुस्तकात बोट घालून बसले. चर्च हादरत होतं. आणि माझी बायको, ओल्या हातांनी, मधल्या वाटेनं सरळ चालत पुढं गेली आणि गुरुजींच्या आणि बापाच्या मधे उभी राहिली. बापाकडं पाठ करून. ती काहीतरी बोलली. सगळ्यांना दिसलं, पण गुरुजींखेरीज कुणालाच ऐकू आलं नाही. गुरुजींनी मला मागाहून सांगितलं ती काय म्हणाली ते. "गुरुजी, तो हार माझ्या बापाच्या गळ्यात आहे. काढलात तर मीसुद्धा त्यांच्याबरोबर जाईन, आणि परत येणार नाही." गुरुजी म्हणाले, तुझ्या बायकोचे डोळे बघून मला मेलखाली जावं असं वाटलं.

तोवर आमच्या पाळकांनी दुसरी खुर्ची ओढली होती. त्यांनी स्वेटरवाल्या साहेबांच्या कानात काहीतरी सांगितलं. साहेब हसले. ताटातलं एक गुलाबाचं फूल स्वतःच उचलून स्वेटरला खोचलं आणि माझ्या सासऱ्याच्या शेजारी बसून त्याला हात जोडले. सासऱ्यानंही जोडले. मेल गेली आणि गाणं त्याच शब्दापासून पुढं सुरू झालं.

पुढं पाहुण्यांचे आभार. वाण्याचं झालं, सुईणीचं झालं. ती बिचारी रडली. मग हिची पाळी. ही जागेवरून उठली. आवाज बारीक, पण कापत नव्हता.

"हे माझे वडील. कुणाला भिऊन गुडघे टेकायचे नाहीत, हे यांनी मला शिकवलं. मी इथं टेकते ते कुणाला भिऊन नाही. म्हणून यांचे आभार."

एक वाक्य सांगितलं होतं, हिनं चार घेतली. कुणी मोजली नाहीत.

पाहुण्यानं बोलायचं असं ठरलेलं नव्हतं. तरी सासरा उठला. छत्री खुर्चीला टेकवली. भिंतीकडं बघितलं, वर कौलांकडं बघितलं. मला वाटलं आता काही नाही, हा निघाला.

"मला बोलायचं कळत नाय," तो म्हणाला. "भिंत चांगली हाय तुमची. दगडांचे सांधे नीट भरलेत. इथला पाऊस खाऊन शंभर वर्षं उभी हाय." मग हिच्याकडं बघितलं. "पोरगी पण उभी हाय. बरं वाटलं."

आणि बसला. चर्चमध्ये टाळ्या वाजवत नाहीत, तरी मागं कुणीतरी वाजवल्या. मला वाटतं पाळकच होते.

पंगत अंगणात तरटांवर बसली. खरी कसोटी तिथं होती. भाषण वेगळं, आणि ज्या घरचं पाणी घेतलं नाही त्या घरच्या हातचा घास वेगळा. सासरा आणि निवृत्त साहेब शेजारी बसले. हिनं भात वाढला, मटण वाढलं, आणि कमरेची डबी काढून पत्रावळीच्या कडेला तिखट ठेवलं. त्यानं तिखटाकडं पाहिलं, मग हिच्याकडं.

"पहाटे कुटलंस?"

"हो."

"मी आलो नसतो तर?"

"मी खाल्लं असतं."

तो खाली बघून जेवायला लागला. दुसऱ्यांदा भात मागितला. मी मटण घेऊन पुढं गेलो तेव्हा पहिल्यांदाच माझ्याकडं बघून बोलला, "जावईबापू, मीठ कमी हाय." मीठ कमीच होतं. मी म्हणालो, मामा, पुढच्या वर्षी बरोबर घालतो. साहेब शेजारून म्हणाले, म्हणजे पुढच्या वर्षीचं निमंत्रण आत्ताच मिळालं यांना, मला कुणी विचारलं नाही. सगळी पंगत हसली. सासराही हसला. त्याचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

त्यानंतर तो दरवर्षी आला. मागच्या बाकावर ताठ बसायचा. सगळे गुडघ्यांवर गेले तरी हा बसलेलाच, आणि त्याला कुणी कधी काही म्हणालं नाही. जेवायचा, मिठाबद्दल काहीतरी बोलायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं जायचा. तो वारला तेव्हा ही नाशिकला जाऊन त्यांच्या वंदनेला भावांच्या शेजारी बसली. मी बाहेर चपलांशी बसलो. तेही ठीकच झालं.

हार मुळात त्याचा नव्हता हे त्याला कधी कळलं नाही, असं मी धरून चाललो होतो. गेल्या वर्षी ही खाटेवर होती. दुपारची वेळ, मी तिला पेज भरवत होतो. तिला एकदम हसू आलं. म्हणाली, आबांना माहीत होतं. मी विचारलं काय माहीत होतं. तर शेवटच्या आजारात त्यानं हिला सांगितलं होतं. गुरुजींनी स्टेशनवर हार घालताना 'पाळकसाहेब' म्हटलं, तेव्हाच याला कळलं होतं. तो म्हणाला होता, "मी त्या गाडीनं आलो खरा, पण स्टेशनच्या बाहेर पडायला पाय उचलत नव्हता. परतीची गाडी कधी आहे तेच विचारणार होतो. तेवढ्यात यांनी हार घातला आन् वाजवत वर नेलं. हार घातलेल्या माणसाला माघारी जाता येत नाय. मी म्हटलं, नेतायत तर जाऊ."

मला आधी रागच आला. एवढी वर्षं तिनं मला हे सांगितलं नव्हतं. मी तसं म्हणालो. ती म्हणाली, "तुम्ही पंगतीत बोलून टाकलं असतं." ते खरं होतं. मग आम्ही दोघं हसलो, आणि पेज सांडली. घाटात गाडीला मागून इंजिन लावतात तसंच झालं होतं. गाडी आपल्या बळावर चढली असं पुढच्या स्टेशनातल्या माणसाला वाटतं, एवढंच.

पाहुण्याची पद्धत आमच्यात त्या वर्षापासून चालू आहे. यंदा नाव कुणाचं सांगायचं, याचा मला फार विचार करावा लागला नाही. हिच्या धाकट्या भावाचं सांगितलं. दिवाळीचे कपडे तोच आणायचा. हिला आमच्या कब्रस्तानात ठेवलं, तिच्या माणसांत नाही, म्हणून तो माझ्यावर नाराज आहे. त्या दिवशी फाटकाशी उभा राहिला आणि तिथूनच परत गेला. मी त्याला नाशिकला जाऊन भेटलो. त्यानं ऐकून घेतलं. चहा दिला.

"बघू," म्हणाला.

पंचवटीला हार सांगून आलोय, चांगला जाड. लसणाचं तिखट मला तिच्यासारखं जमत नाही, पण दोनदा करून पाहिलं. आणि यंदा स्टेशनवर गुरुजींच्या जागी मी स्वतः जाणार आहे. पॅसेंजर यायच्या आधीच.