काचेच्या तीन पट्ट्या

कुठल्याही जुन्या इमारतीत शिरण्याआधी ते दाराशेजारच्या भिंतीला उजवा तळवा टेकवायचे आणि डोळे मिटून क्षणभर उभे राहायचे. ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर आपण हात ठेवतो, तसं. मग चष्मा चढवून म्हणायचे, "आधीं मापूं, मग बोलूं."

चेन्नईला तेव्हा सगळे मद्रासच म्हणत. लग्न होऊन मी मिरजेहून तिथे गेले होते आणि अड्यारमधल्या एका छोट्या ट्रस्टच्या ऑफिसात टायपिस्ट होते. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना मदत करायची, जुन्या इमारती वाचवायच्या आणि लोकांना त्यांची गोडी लावायची, एवढं ट्रस्टचं काम. त्यासाठी माणसं मात्र दोनच, मी आणि हे भिंतीला हात टेकवणारे गृहस्थ. सरकारी कचेरीत नकाशे काढून निवृत्त झालेले, तांबरमला राहणारे, तंजावरकडचे मराठी. अशा माणसांना तिकडे 'रायर' म्हणतात. त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर असायचं.

पहिल्या दिवशी ते मला म्हणाले, "बैसा, बाई." मला वाटलं, हे नाटकात काम करतात की काय! माझं बोलणं त्यांनी मान कलती करून ऐकलं आणि म्हणाले, "तुमच्या मराठींत इंग्रजी फार, आमच्यांत तमिळ. दोघांची मिळून एक पुरी होईल."

रविवारी ते लोकांना जुन्या गल्ल्यांतून फिरवायचे. पहिल्या फेरीला चार माणसं आली. त्यांतली दोन बसची वाट पाहत होती, ती बस येताच गेली. उरलेल्या दोघी तमिळ ब्राह्मण बायकांना, तिकडच्या भाषेत मामींना, रायरांनी एका घराच्या ओसरीवरचा आरशासारखा गुळगुळीत गिलावा हाताने चाचपायला लावला आणि चुन्यात अंड्याचा पांढरा बलक घालत, असं सांगितलं. मामींनी झटकन हात मागे घेतले. "अंडं? ह्या घरात?" रायर जमिनीकडे बघत म्हणाले, "गवंड्यांनी घरच्यांना सांगितलं नसेल." मामी इतक्या हसल्या, की पुढच्या रविवारी सहा जणींना घेऊन आल्या.

त्याच वर्षी मैलापूरचं वाचनालय आमच्याकडे आलं. सागवानी तुळयांवर विटांचं छप्पर, उंच खिडक्या, आणि मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत गेलेला तडा. इमारत पाडून नवी बांधायची, असं कमिटीने जवळजवळ ठरवलंच होतं. कमिटीचे अध्यक्ष एक वयस्कर वकील होते. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. ते म्हणाले, "रायर, उद्या छप्पर कुणाच्या डोक्यावर आलं, तर जबाब मी द्यायचा."

"आधी मापू, मग बोलू," रायर त्यांना तमिळमध्ये म्हणाले.

पोंगलपर्यंत, म्हणजे आपल्या संक्रांतीपर्यंत, मुदत मिळाली. तिकडे खरा पाऊस दिवाळीच्या सुमाराला येतो, म्हणजे मधला सगळा पावसाळा वाट पाहायची. रायरांनी तड्यावर वर, मध्ये आणि खाली अशा काचेच्या तीन पट्ट्या आडव्या चिकटवल्या. भिंत केसभर जरी सरकली, तरी काच तडकणार. काचा शाबूत राहिल्या, तर इमारत राहणार. दर सोमवारी ते स्वतः जाऊन काचा बघायचे आणि तड्याची रुंदी मोजायचे. आमच्या शिष्यवृत्तीवर शिकणारी एक मुलगी वाचनालयाचे नकाशे काढत होती. ती ते आकडे वहीत लिहायची.

एकदा डबा खाताना मी विचारलं, "रायर, एवढं काय मोजता एकच भिंत?"

त्यांनी हातातला घास परत डब्यात ठेवला. मग म्हणाले, "तरुणपणीं एक शाळा पाडायच्या नकाशावर म्यां सही केली, बाई. साहेब बोलला, भिंती कुजल्या. म्यां जाऊन पाहिलें नाही. पाडायला लागले तेव्हां गेलों. दीड हात जाड भिंत, पहारेला दाद देईना. पोरें रस्त्यांत उभीं राहून पाहत होतीं." डबा अर्धा ठेवून ते उठले.

मग वादळ आलं. तीन दिवस पाऊस थांबला नाही, गाड्याही बंद होत्या. चौथ्या दिवशी आम्ही तिघं गुडघाभर पाण्यातून वाचनालयात पोहोचलो. मधली काच फुटली होती.

ती मुलगी रडायच्या बेतात आली. हळूच म्हणाली, "सार, दुसरी काच लावू या. कुणाला कळणार आहे?"

खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं होतं. तुमच्याही आलं असतं.

रायर खुर्चीवर बसले. मुलीला म्हणाले, "वहीत लिही, अम्मा. मधली काच फुटली. आजची तारीख घाल." आणि वकिलांना बोलावून आणायला त्यांनी मलाच पाठवलं.

वकील आले, काच बघितली, आणि तिथेच म्हणाले, "झालं. उद्यापासून कुलूप."

"घाला," रायर म्हणाले. "फक्त मापू द्या."

तड्याची रुंदी मोजली. मागच्या सोमवारी होती तेवढीच. वरची काच शाबूत, खालचीही शाबूत. रायरांनी फुटक्या काचेवरून बोट फिरवलं आणि मग खोलीभर नजर टाकली. जमिनीवर सगळीकडे चिखल होता, पण पुस्तकं कोरडी होती. दाराशी वाचनालयाचा म्हातारा शिपाई अंग चोरून उभा होता. रायरांनी त्याला विचारलं, "पावसात पुस्तकं कुणी वाचवली?"

शिपायाचा चेहरा उजळला. "मीच, सार! छप्पर त्या कोपऱ्यात गळत होतं. एकट्याने कपाट ओढत इकडे आणलं, ह्या भिंतीला टेकवलं, आणि..." एवढं बोलून त्याने तोंडावर हात ठेवला. कपाट तड्याच्या शेजारीच उभं होतं आणि त्याचा कोपरा बरोबर मधल्या काचेच्या उंचीवर होता.

"नोकरी जाईल म्हणून बोललो नाही," तो पुटपुटला.

रायर उठून त्याच्याजवळ गेले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एकट्याने कपाट हलवलंस? ह्या वयात? बेस." वकील मटकन बाकावर बसले आणि धोतराच्या सोग्याने तोंड पुसत हसायला लागले. मग आम्हीही हसलो.

तरी रायरांनी घाई केली नाही. मुलीकडून वहीत लिहून घेतलं, नवी काच लावली, आणि पुन्हा सोमवार मोजायला लागले. पोंगल आला तेव्हा तिन्ही काचा जशाच्या तशा होत्या. तडा जुना होता, कधीच जागच्या जागी थांबलेला. कमिटीने दुरुस्ती मंजूर केली, आणि तीही त्या मुलीच्या नकाशांवरून.

पुढच्या वर्षी रायर आपल्या लेकीकडे कोइमतूरला राहायला गेले. तिथून त्यांची दोन पत्रं आली, मोडीसारख्या गिचमिड अक्षरातली. तिसरं पत्र त्यांच्या लेकीचं होतं, इंग्रजीत, चार ओळींचं. ते वाचून मी टाइपरायटरवर झाकण घातलं आणि त्या दिवशी काहीच काम केलं नाही.

पण त्यांची आठवण निघाली की मला त्या मंजुरीच्या दिवसाची सकाळ दिसते. कमिटीची बैठक संपली, सगळे चहाला बाहेर गेले, आणि आम्ही परत आलो तर रायर वाचनालयाच्या लांब बाकावर आडवे झाले होते. तोंडावर 'हिंदू' पेपर, पोटावर दोन्ही हात, आणि गाढ घोरणं. पावसाळाभर त्यांना धड झोप नव्हती, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. वाचायला आलेले लोक पाय न वाजवता त्यांना वळसा घालून जात होते. मी उठवायला पुढे झाले, तेवढ्यात कोर्टात ज्यांचा आवाज घुमायचा त्या वकिलांनी मला हाताने थांबवलं, पंखा एक घर वाढवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "झोपू द्या. आज काही मोजायचं नाही."