आरशावरचा सेकंड

हे लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. पण आठवलं की अजून हसू येतं, म्हणून लिहिते.

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी माझा स्टॅटिस्टिक्सचा पेपर राहिला. पुन्हा राहिला असता तर दुसऱ्या वर्षाला प्रवेश नव्हता, आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मैत्रीण म्हणाली, "जे पाहिजे ते मोठ्या अक्षरांत लिहून रोज दिसेल असं लाव." मी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून 'सेकंड इयर' लिहायला घेतलं. अक्षरं इतकी मोठी झाली की 'इयर'ला जागाच उरली नाही. राहू दे म्हटलं, मला तर कळतंय. आरशाच्या वर चिकटवलं.

संध्याकाळी आप्पा, म्हणजे माझे वडील, कडोदऱ्याहून, कामावरून घरी आले. पॉवरलूमच्या कारखान्यात ते कापडाचे तागे तपासतात. चांगला तागा फ्रेश. डाग किंवा तुटका धागा निघाला की सेकंड. मी आरशासमोर वेणी घालत होते, आणि माझ्या डोक्यावर बरोब्बर 'सेकंड'. आप्पा डबा हातात धरूनच थबकले.

"तुले कोन म्हने सेकंड?" चिडले की ते अहिराणीतच बोलतात.

"आप्पा, ते वर्ष…"

"मन्ही पोर फ्रेश शे!"

आई हसून हसून कणकेच्या परातीवर वाकली.

पुठ्ठा गेला. दुसऱ्या दिवशी आप्पांनी कारखान्यातून 'फ्रेश'चे हिरवे स्टिकर मागून आणले. धडा झाला की वही दाखवायची, असं ठरलं. आकडेमोड त्यांना कळत नाही. ते पान ट्यूबलाइटसमोर धरायचे, ओळीओळीवरून बोट फिरवायचे आणि मग आरशावर एक स्टिकर. चौथ्या धड्याला बोट थांबलं.

"आठे धागा तुटना."

खरंच, दोन उदाहरणं मी अर्धी सोडली होती. ती पुन्हा सोडवायला बसले. पुढे पुढे आरशात चेहराच दिसेना. आई म्हणाली, "आते मी कुकू कोठे पाहीसन लावू?"

निकाल भर दुपारी मोबाइलवर आला. पास! आप्पा कामावर फोन घेत नाहीत. मी घराजवळच्या पर्वत पाटियाहून रिक्षा पकडून थेट कारखान्याच्या दारात. मागांचा खडखडाट रस्त्यापर्यंत येत होता. आत निरोप धाडला. आप्पा बाहेर आले तशी मी लांबूनच ओरडले. त्यांनी कानामागे हात धरला. पुन्हा ओरडले. काही नाही. मग काय सुचलं कोण जाणे, मी जागच्या जागी उड्याच मारायला लागले. आप्पा क्षणभर बघत राहिले आणि तेही उड्या मारू लागले.

शेजारच्या कारखान्याच्या वॉचमननं गुजरातीत विचारलं, "काका, लॉटरी लागी के शुं?"

"खबर नथी!" माहीत नाही, असं आप्पा उडी मारतच म्हणाले.

मी जवळ जाऊन कानात सांगितलं. त्यांनी तीनदा सांगायला लावलं.