म्हाताऱ्याला काचेत बसवणारा हेंगशेट

हेंगशेट गावात आला तेव्हा आधी त्याच्या गाडीचा हॉर्न आला, मग गाडी, मग पोट, आणि बराच वेळ वाट पाहिल्यावर खुद्द हेंगशेट. हॉर्न असा, की खाडीतली बदकं घाबरून पलीकडच्या गावात गेली आणि तिथेच संसार थाटून राहिली. माझ्या टोफूच्या दुकानापुढे थांबून त्याने हात पुढे केला. बोटातली अंगठी एवढी दांडगी, की हात नक्की कुणाशी मिळवायचा, त्याच्याशी की तिच्याशी, हेच मला कळेना.

"ओळखलंस का?"

"न ओळखायला काय झालं? माझ्या बापाचा टोफू चोरून खायचास."

"ते सोड रे. मी गावाला जिवंत करायला आलोय."

बाकावर शेंगा सोलत बसलेले साम आजोबा म्हणाले, "अरे पण आम्ही मेलो कधी? कुणी कळवलं नाही ते."

क्वान हेंग आमच्याच गावचा. तसे आम्ही सगळेच क्वान. पण हा शहरात गेला, संडासाची भांडी बनवू लागला आणि अर्धा प्रांत रोज सकाळी त्याच्या मालावर बसू लागला. एवढ्या पुण्याईवर जिल्ह्याच्या साहेबांनी त्याला 'ग्रामभूषण' म्हणून पितळी पाटी दिली. तेव्हापासून हेंगशेट चालायचा बंद झाला. तो पदार्पण करू लागला.

वेशीवर त्याने कमान बांधली. तिच्यावरचे दोन सिंह पोट बिघडलेल्या कुत्र्यांसारखे दिसतात. खाडीकाठी स्वतःच्या नावाची दगडी बाकं टाकली. उन्हात ती अशी तापतात, की त्यांच्यावर फक्त एकदाच बसता येतं. इथवर ठीक होतं. मग त्याची नजर म्हाताऱ्याकडे वळली.

म्हातारा म्हणजे आमची ड्रॅगनच्या तोंडाची लांब होडी. काळ्या, लोखंडासारख्या जड लाकडाची, पणज्याच्याही आधीची. पाचव्या महिन्यातला सण झाला, की तिला खाडीच्या चिखलात पुरायचं आणि पुढच्या सणाआधी ढोल वाजवत उपसून काढायचं. हे लाकूड ओलं राहिलं तर अमर, वाळलं तर सरपण. एक वर्ष आमचा म्हातारा खाडीच्या खालच्या अंगाच्या भाऊगावाला, म्हणजे भाऊ मानलेल्या गावाला, सणाला जातो, एक वर्ष त्यांची होडी आमच्याकडे येते. पुढच्या वर्षी जायची पाळी आमची होती. होडीत ढोल वाजवायचा मान साम आजोबांचा, आणि गुडघे गेल्यामुळे हा शेवटचाच ढोल, असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

पुरायच्या दिवशी हेंगशेटने गावजेवण घातलं आणि उभा राहिला. "आपला पूर्वज चिखलात लोळतो! बाहेरचे लोक काय म्हणतील? मी काचेचं दालन बांधतो. एसी लावतो. तिकीट ठेवतो."

"हेंग," साम आजोबा म्हणाले, "याच चिखलात तू नागडा उतरून याला उपसायचास. वाळला की फाटतो, हे तुला मी सांगू?"

"काका, आता वॉर्निश असतं."

"वॉर्निश तुझ्या भांड्यांना लाव."

कुणीतरी आजोबांच्या बाजूने बोलायला हवं होतं. पण बदकाचं भाजलेलं मांस तोंडात असताना माणूस फार तर मान हलवतो, आणि ती नेमकी हेंगशेटच्या दिशेने हलते.

म्हातारा काचेत गेला. पाहुणे आले, फोटो झाले. थंडीत एका दुपारी हेंगशेट साहेबांना घेऊन आत उभा असताना 'टाच्' असा आवाज झाला.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"इतिहास बोलतोय, साहेब."

इतिहास मग वसंतभर बोलत राहिला. हेंगशेट भेगांत रंगाऱ्याची लांबी भरून वर रंग फासायचा. सणाच्या दिवशी छातीवर लाल रेशमी पट्टा बांधून तो स्वतः नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, उभा राहिला. भाऊगावात पहिलं पाऊल त्यालाच टाकायचं होतं. साम आजोबा ढोलापाशी बसले. वल्ही पडली, म्हातारा दिमाखात वळणापर्यंत गेला आणि एकेका भेगेतून पाणी पिऊ लागला. बुडाला म्हणणं अन्याय होईल. तो सावकाश खाली बसला, आपल्या जुन्या खड्ड्याच्या अगदी शेजारी.

हेंगशेट कमरेइतक्या चिखलात उभा राहून ओरडला, "ढोल बंद करा, काका! लोक बघतायत!"

"तू गप रे, कमोडशेट. होडी नाही तर नाही, भाऊगावाला आवाज तरी जाऊ दे."

पाणी चामड्याला टेकेपर्यंत आजोबा वाजवत होते. खालून उत्तराचा ढोल आला की नाही, यावर आमच्याकडे अजून भांडणं होतात.

म्हातारा पुन्हा उपसला तेव्हा तुकड्यांनीच हाती आला. काचेच्या दालनात आता केळी पिकत घालतात. गावाने फायबरची होडी घेतली आहे. ती हेंगशेटच्या कारखान्यातली आहे, जिथे न्हाणीघराचे टब बनतात.