अण्णांच्या छातीपर्यंत

आमच्या परळच्या चाळीत पावसाचं पाणी फुटात मोजत नाहीत, माझ्या बाबांवर मोजतात. मोठ्या पुराच्या दिवशी सहा फुटी बाबा सकाळपासून अंगणात उभे राहून बायापोरांना पलीकडे काढत होते आणि पाणी त्यांच्या छातीला होतं. तेव्हापासून पाणी किती, याचं उत्तर ठरलेलं: अण्णांच्या पोटरीला, अण्णांच्या गुडघ्याला. चाळीचे ते अण्णा. टीव्हीवर मिलिमीटर सांगितले की लोक मला विचारतात, म्हणजे अण्णांच्या कुठे गं?

आता बाबा कमरेत वाकलेत आणि त्यांचा श्वास विजेवर चालतो. ऑक्सिजनचं मशीन रात्रंदिवस सुरू. पाणी चढलं की तळमजल्यावरचे मीटर बुडायच्या आत वीज बंद करतात आणि मी सिलिंडर शोधत फिरते. मागच्या खेपेला सिलिंडर संपत आला तेव्हा कुठे वीज आली. बाबांचे ओठ निळे पडले होते. म्हणून मी कमिटीच्या मानगुटीवर बसून सोलर मंजूर करून घेतलं. आमची कौलं मांजर चाललं तरी सरकतात, तेव्हा पॅनेल अंगणातच. चाळ लाकडी, त्यामुळे बॅटरीही कुणी घरात घेईना. ती पॅनेलखाली, खांबावरच्या डब्यात. डब्याला पाणी लागलं की खेळ खलास.

काम बघायला एक इंजिनिअर मुलगी आली. तिने विचारलं, "इथे पाणी जास्तीत जास्त कुठपर्यंत येतं?"

"अण्णांच्या छातीपर्यंत," सगळे एका सुरात.

तिने ते वहीत लिहिलंसुद्धा. मग पेन थांबलं. "म्हणजे किती?"

आता आली का पंचाईत. भिंतीवर खूण नाही, कारण दर गणपतीला नवा रंग लागतो. आणि कागदोपत्री आमच्या गल्लीत पाणी साचतच नाही.

वाऱ्याची तर वेगळीच कथा. ती म्हणाली, वादळात वारा खालून शिरून पॅनेल उचलतो. तळमजल्यावरचा मंडपवाला म्हणाला, "सोप्पं आहे ताई. बॅनरला पाडतो तशी भोकं पाडू. वारा आरपार." तिने वही मिटली. मग शांतपणे म्हणाली, भोकं नकोत, दोन पॅनेलमध्ये फट ठेवू आणि खांब काँक्रीटमध्ये खोल गाडू. "मग मी दुसरं काय म्हणतोय?" असं म्हणून तो खड्डा खणायला लागला. पेव्हर ब्लॉकखाली पेव्हर ब्लॉक निघाले, त्याखाली लाद्या, त्याखाली आणखी लाद्या. प्रत्येक निवडणुकीचा एक थर. हे बघून कमिटीतल्या दीडशहाण्यांनी शोध लावला की पुराच्या वेळी अंगण एवढं खाली होतं, तेव्हा मापासाठी अण्णांना या खड्ड्यातच उभं करायला हवं.

आणि खरंच चौघांनी बाबांना खुर्चीसकट दोन जिने खाली आणलं. मागून मी, हातात छोटा सिलिंडर, तोंडाने सगळ्यांचा उद्धार करत. बाबांनी खड्ड्यात डोकावलं. "जिवंतपणीच पुरताय काय रे?"

खड्डा रद्द झाला. अंगणात, भिंतीलगत मापायचं ठरलं. मला वाटलं, बसल्याबसल्या अंदाजे काहीतरी सांगतील आणि आटपेल. पण बाबांनी काठी माझ्या हातात दिली, पाठ भिंतीला लावली आणि हळूहळू वर व्हायला लागले. तोंड लालभडक. मंडपवाला म्हणाला, "बस झालं, अण्णा." ते आणखी ताठ झाले. मग हनुवटीने खूण केली, कर आता. इंजिनिअर मुलीने छातीपाशी पेन्सिलीने रेघ ओढली. वर आणखी एक फूट सोडून डब्याची जागा धरली. बाबा खुर्चीत कोसळले.

पुढचे दोन दिवस त्यांना धड बोलता येत नव्हतं. मी वैतागून वाट्टेल ते बोलले. म्हातारपणी कसली ही ऐट? वीतभर वाढून कुठे मिरवायचं होतं? त्यांनी नाकातली नळी सारखी केली आणि धापा टाकत म्हणाले, "पाणी माझ्याबरोबर म्हातारं झालं नाही गं."

मला ते कळलं नाही असं नाही. पण रागात होते, ऐकून सोडून दिलं.

पॅनेल, डबा सगळं बसलं आणि त्याच श्रावणात एका दुपारी पाणी आलं ते मोठ्या पुराच्याही वर गेलं. वारा असा की समोरचे पत्रे उडाले. पॅनेल करकरली, हलली नाहीत. वीज गेली. मी गॅलरीत कठड्याला धरून एकटक डब्याकडे बघत होते. पाणी रेघेवर चढलं. मग तो वरचा फूटही खायला लागलं. डब्याच्या खाली चार बोटं उरली आणि तिथे थांबलं. तासभर तिथेच. मागे खोलीत मशीन घरघरत होतं.

"कुठे आहे गं?" बाबांनी आतून विचारलं.

ते पलंगावर पाठीला उशी लावून बसले होते, एवढेसे झालेले. त्या दिवशी ते भिंतीशी वाकूनच उभे राहिले असते तर डबा वीतभर खाली लागला असता. मला रडू आलं.

"तुमच्या खांद्याला," मी म्हटलं.