एजंटला नीट सांगणाऱ्या शैलजाताई

शैलजाताईंशी माझी ओळख भांडणाने झाली आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही, हे त्यांच्या षष्ट्यब्दीच्या ग्रंथात सुरुवातीलाच सांगून टाकतो. त्या सांगलीतल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत रुजू झाल्या, तेव्हा मी तिथला जुना प्रोग्रामर होतो. पहिल्याच दिवशी त्यांनी मी लिहिलेली एक ओळ वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, “हे कोणासाठी लिहिलंय?”

“एआय एजंटसाठी.”

“मग त्या बिचाऱ्याला यातून काय कळणार?”

मला राग आला. तो मला लवकर येतो, हे आमच्या मंडळींना ठाऊक आहे.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्या अ‍ॅपमध्ये लोक आपल्या नोंदी ठेवतात. हल्ली माणूस नुसतं बोलतो आणि एजंट त्याच्या वतीने नोंद शोधतो, उघडतो, बदलतो. त्यासाठी एजंटला काही टूल, म्हणजे एकेका कामाची साधनं, दिलेली असतात. कोणतं टूल काय करतं, हे त्याला सोबतच्या वर्णनावरूनच कळतं. ही वर्णनं लिहिणं हे ताईंचं काम.

ताई मूळच्या वाईच्या. त्यांच्या आई साताऱ्याच्या नातेवाइकांना एसटीच्या कंडक्टरसोबत डबा पाठवत. डबा कोणाला द्यायचा, तो माणूस स्टँडवर आला नाही तर काय करायचं आणि कोणाच्या हाती मुळीच द्यायचा नाही, हे सगळं त्या गाडी सुटेपर्यंत खिडकीखालून सांगत राहत. ताई वर्णनं तशीच लिहितात. टूल कधी वापरू नये, हे त्यांच्याकडे आधी येतं. मला ती वर्णनं लांबलचक वाटतात. अजूनही वाटतात!

एकदा मात्र घाईत ताईंच्याच हातून एक वर्णन अपुरं गेलं. ‘नोंदीत मजकूर लिहिते’ एवढंच. ते टूल जुना मजकूर पुसून त्याजागी नवा ठेवतं, हे लिहायचं राहिलं. उंब्रजच्या प्रज्ञाताई आपल्या वडिलांनी, आबांनी, रचलेलं गाणं कडव्याकडव्याने अ‍ॅपमध्ये ठेवत होत्या. चौदा एप्रिलच्या जयंतीला वस्तीतलं गायनपथक ते म्हणणार होतं. आबा नुकतेच मोठ्या आजारातून उठलेले. गाणं डोक्यात किती टिकेल याचा भरवसा नव्हता. “आजचं कडवं गाण्यात घाल,” असं प्रज्ञाताईंनी सांगितलं आणि एजंटने अख्खं गाणं पुसून तेवढं एक कडवं ठेवलं. जुनी प्रत आमच्याकडेही उरली नव्हती.

मी बैठकीत एजंटच्या नावाने शंख केला. ताई शांतपणे म्हणाल्या, “त्याला सांगितलं नव्हतं. ती ओळ माझी आहे.” टूल जुनं पुसतं, म्हणून आधीचा मजकूर सोबत घ्यायचा, असं वर्णन नव्याने लिहून, तपासून, दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन उंब्रजला गेल्या.

आबा फोनकडे बघायलाही तयार नव्हते. “आवं बाई, गळ्यात दम न्हाई. परत पुसलं तर कवा सांगू? मी न्हाई गात.”

“बरोबर आहे तुमचं,” ताई म्हणाल्या. त्यांनी स्वतःच्या फोनवर आमचं अ‍ॅप उघडलं. त्यात त्यांच्या दिवंगत आईने सांगितलेल्या पाककृती होत्या, आईच्याच शब्दांत. मी हळूच म्हणालो, “आधी प्रत काढून घ्या.”

“आबांनी कुठे काढली होती?”

मग त्यांनी एजंटला सांगितलं, “यात एक ओळ वाढव.” माझा जीव टांगणीला लागला होता. आईचा मजकूर जागच्या जागी राहिला आणि खाली नवी ओळ आली. ताईंनी फोन आबांच्या हातात दिला.

आबांनी घसा खाकरला. “लिव गं पोरी,” असं प्रज्ञाताईंना म्हणत ते गायला लागले. मधलं एक कडवं आठवेना, तर त्यांनी तिथल्या तिथे नवं रचलं आणि पहिल्यापेक्षा हेच झ्याक असल्याचं जाहीर केलं. जयंतीला पथकाने गाणं पूर्ण म्हटलं. मी मागे उभा राहून रडलो.

अशी जबाबदारी घेणारी माणसं मी फार पाहिली नाहीत. ताईंनी मला एकदाही ‘बघा, मी म्हणत होते’ असं ऐकवलं नाही, आणि माझी बायको दवाखान्यात होती तेव्हा माझं काम कोणाला न सांगता उरकून टाकलं. अशा शैलजाताईंना ठणठणीत प्रकृती आणि भरपूर आयुष्य लाभो. माझ्याशी भांडायलाही त्यांना उदंड बळ मिळो, अशी मनापासून इच्छा आहे.

हा लेख लिहिताना मी उंब्रजला फोन लावला आणि ताईंना साठ पूर्ण होताहेत, असं सांगितलं. आबा खळखळून हसले. “बाईस्नी म्हनावं, गानं अजून वाढतंय. लय कडवी ऱ्हायल्यात माझी. त्यास्नी एवढ्यात म्हातारं व्हता यायचं न्हाई.”