राखाडीताईचे एकवीस चौकोन

माझी थोरली बहीण फोटो छापते, तेही फक्त काळे-पांढरे. हे ऐकलं की लोक विचारतात, रंगीत शाई संपलीय का? पूर्वी मी समजावत बसायचो. आता म्हणतो, हो, संपलीय, आणि हातातल्या फ्रेमला खिळे ठोकायला लागतो. फ्रेमचं दुकान माझं, पुढच्या खोलीत. मागची खोली तिची. अख्खी गल्ली तिला राखाडीताई म्हणते आणि मला राखाडीताईचा भाऊ. दुकानाच्या पाटीवर नाव माझं आहे, पण ते वाचतो कोण.

एकोणीस वर्षं ती एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये होती. लाल दिव्याखाली उभं राहायचं, कागद रसायनात बुडवायचा आणि चित्र वर यायची वाट बघायची. मग मालकाने रंगीत मशीन आणलं आणि डार्करूममध्ये रिकामी खोकी रचली. ताई घरी आली ती आठ दिवस कुणाशी बोलली नाही. नवव्या दिवशी भंगारवाल्याकडून एक जुना रंगीत प्रिंटर उचलून आणला, त्यातल्या निळ्या-पिवळ्या शाया काढून फेकल्या आणि सगळ्या कप्प्यांत काळी भरली. शाई एकच, पण सात पातळ्यांची. पहिल्या बाटलीत नुसती काळी, पुढच्या प्रत्येकीत तिला पातळ करणारं द्रावण वाढवत नेलेलं. शेवटची इतकी फिकी की भांडी विसळलेलं पाणी समजून कुणीही ओतून द्यावी. माझ्या बायकोने एकदा दिली होती. त्या दिवशी घरात काय झालं ते मी सांगणार नाही.

एवढा खटाटोप कशाला, ते माझ्या भाषेत सांगतो. फोटो म्हणजे पांढऱ्यातून काळ्यात उतरणारा जिना. समजा त्याला एकवीस पायऱ्या आहेत. डोळ्याला सगळ्या सारख्या उंचीच्या वाटायला हव्यात. प्रिंटरला त्याच्या मनाने सोडलं तर तो वरच्या चार पायऱ्या गुडघ्याएवढ्या करतो आणि खाली अंधारात आठ पायऱ्या सपाट करून टाकतो. म्हणजे काळा कोट, काळे केस आणि मागची काळोखी भिंत, सगळ्याचा एकच गोळा. म्हणून ताई आधी एकवीस चौकोनांची पट्टी छापते. ती वाळली की एकेका चौकोनाचा काळेपणा बोटभर मीटरने मोजते आणि त्या आकड्यांवरून प्रिंटरला शिकवते की बाबा, इथे शाई कमी सोड, इथे जास्त. या शिकवणीला ती कर्व्ह म्हणते. मग पुन्हा पट्टी, पुन्हा वाळवणं, पुन्हा मोजणी, पायऱ्या सारख्या होईपर्यंत. कागद बदलला की पहिल्यापासून. शाई नव्याने कालवली की पहिल्यापासून.

आणि वाळवणं म्हणजे निदान एक रात्र, जमलं तर पूर्ण दिवस. ओल्या शाईचा काळेपणा आणि वाळलेल्या शाईचा काळेपणा एक नसतो म्हणे. या एका वाळवण्यावरून आम्ही दोघं जेवढं भांडलो तेवढं इस्टेटीवरून कुणी भांडत नसेल. मला थांबवत नाही. माझा स्वभावच तसा, त्याला मी काय करू? खिळा वाकडा गेला तर मी खिळ्याला शिव्या घालतो. ताई तो सरळ करून परत डबीत ठेवते. तिच्यासारखी माणसं आहेत म्हणून जगातली निम्मी कामं नीट होतात असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी तिच्या तोंडावर कधी बोललो नाही.

तर एका सोमवारी आमच्याकडे पोस्टातली बाई आली. खिडकीवर बसून पार्सलं तोलते ती. दिवस अगदी भरत आलेले, जिना चढून आली ती धापा टाकत. मी खुर्ची दिली. तिने पिशवीतून तीन फोटो काढून टेबलावर मांडले. तिन्हींत तीच खोली, तीच खाट, खाटेवर कपड्यात गुंडाळलेलं तेच बाळ, आणि बाळाशेजारी बाई मात्र प्रत्येक फोटोत वेगळी. एकात डोळे मोठे करून समोर बघणारी. दुसऱ्यात बाळाकडे बघून गोड हसणारी. तिसऱ्यातली तर एखाद्या साबणाच्या जाहिरातीतून उठून आलेली.

"ही माझी आई," ती म्हणाली. "बाळ म्हणजे मी. यातली खरी आई कुठली, तेवढं सांगा."

ताईने भिंग लावून तिन्ही फोटो पाहिले. "एकही नाही," ती म्हणाली. "चेहरा अंधारात असेल. दुकानवाल्यांनी कॉम्प्युटरला साफ करायला सांगितलं असेल. त्याला दिसलं नाही, तर त्याने आपल्या मनाचा चेहरा बसवला."

मग त्या बाईने सगळं सांगितलं. तिच्या जन्मानंतर अकराव्या दिवशी आई गेली. घरातल्यांनी तिला लहानपणापासून एकच सांगितलं होतं, की तुझ्या आईने भिंतीकडे तोंड केलं ते केलंच, तुला एकदा पाहिलं नाही, एकदा जवळ घेतलं नाही. वडील या विषयावर कधी बोललेच नाहीत. ते या वर्षी गेले आणि त्यांच्या कपाटात ही एक निगेटिव्ह निघाली. तीच तिने तीन दुकानांतून छापून आणली होती.

"मला गुरुवारी सकाळी दवाखान्यात दाखल व्हायचंय," ती म्हणाली. "आणि मला भीती वाटते हो ताई. मी पण तशीच निघाले तर? माझ्या बाळाकडे मला बघावंसंच वाटलं नाही तर? म्हणून जायच्या आधी मला बघायचंय, ती काय करत होती."

मी उगाचच फ्रेमची पट्टी पुसत बसलो. ताईने निगेटिव्ह उजेडाकडे धरली. मग म्हणाली, "यात आहे तेवढं कागदावर आणते. घालणार काही नाही, काढणार काही नाही. काहीच नसलं तर तसं सांगेन. चालेल?"

ती म्हणाली चालेल.

आता गंमत बघा. ताईने निगेटिव्ह स्कॅन केली, तर स्क्रीनवर चेहऱ्याच्या जागी नुसता भास होता. जे काही होतं ते जिन्याच्या तळाला, शेवटच्या पाच-सहा पायऱ्यांत. तिथे एक पायरी जरी सपाट झाली तरी सगळं काळं. आणि ताईने नेमकी आदल्याच दिवशी शाई नव्याने कालवलेली, त्यामुळे जुन्या सगळ्या कर्व्ह कुचकामी. मंगळवारी दुपारी तिने पट्टी छापली, दोरीला लावली आणि दाढ काढायला निघाली. दाढ तिला आठवडाभर छळत होती. दारातून मागे वळून मला म्हणाली, "उद्या दुपारपर्यंत पट्टीला हात लावू नकोस."

मी लावला. का लावला? कारण माझा जीव टांगणीला लागला होता. गुरुवार तोंडावर आलेला आणि ही बया पट्टी वाळत घालून दाढ काढायला गेलेली! मी बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणला आणि पट्टी दहा मिनिटांत खडखडीत केली. निदान मला तसं वाटलं. मीटरने मोजली, ताईचं बघून बघून जेवढं येत होतं तेवढं आकड्यांचं काम केलं, कर्व्ह तयार केली. खात्रीची दुसरी पट्टी छापायची असते, ती गाळली. थेट फोटोच छापला.

आणि खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अंधारातून चेहरा वर आला होता. बारीक, थकलेला, खरा चेहरा. डोळे उघडे आणि बाळाकडे वळलेले. मी बायकोला हाक मारली. तिनेही पाहिलं आणि पदर नाही तर हातातलं फडकंच डोळ्यांना लावलं. मी त्याच क्षणी पोस्टात धावत जायला निघालो होतो, तेवढ्यात ताई आली. गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा.

तिने फोटो हातात घेतला. मी कौतुकाची वाट बघत उभा. ती खिडकीशी गेली, भिंगातून डोळ्यांवर बघितलं, मग दोरीवरची पट्टी बघितली, मग टेबलावरचा ड्रायर बघितला. बोलता येत नव्हतं. मुकाट्याने माझी कर्व्ह लावून तिने चौकोनांची नवी पट्टी छापली आणि पेन्सिलीने एका चौकोनावर टिचकी मारली. अठरावा चौकोन काळा होता. एकोणिसावा त्याहून काळा हवा, तर तो चक्क उजळ. फिक्या चौकोनांत शाई कमी, ते ड्रायरने वाळले. गडद चौकोन आतून ओलेच होते आणि मी त्यांना वाळलेले धरून मोजलं होतं. जिना उतरता उतरता मध्येच एक पायरी वर चढला होता. डोळ्यांच्या खोबणीत जिथे काळोख दाटायला हवा, तिथे उजेड पडला होता, आणि त्या उजेडालाच मी नजर समजलो होतो.

ताईने फोटोचे चार तुकडे केले.

माझं डोकंच फिरलं. मी काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. बिचारी पोटुशी बाई, आयुष्यभर एक सल घेऊन जगली, तिला आईची नजर मिळत होती, तुझ्या त्या चौकोनांपायी तू ती फाडलीस, तुला काळीज आहे की तिथेही मीटरच बसवलंय, असं बरंच. ताई खाली मान घालून ऐकत होती. मी दमलो तेव्हा तिने पट्टीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं, "तीन खोट्या आया तिला आधीच मिळाल्यात. चौथी मी देणार नाही."

मी पुढच्या खोलीत जाऊन बसलो. बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, "ड्रायर कशाला वाया घालवलात, डोक्यावर पट्टी ठेवायची. तेवढं तापलेलं असतंच."

त्याच संध्याकाळी ताईने पट्टी पुन्हा छापली. बुधवारचा अख्खा दिवस ती वाळली आणि मी तिच्या आसपास फिरकलो नाही. संध्याकाळी ताईने एकेक चौकोन तीनतीनदा मोजला. सुजलेल्या गालावर थंड पाण्याची घडी, एका हाताने ती धरलेली, दुसऱ्या हाताने मीटर. कर्व्ह केली, खात्रीची पट्टी छापली आणि तीही रात्रभर वाळू दिली. गुरुवारी पहाटे ती मोजून झाल्यावर तिने मला हाक मारली. वही दाखवली. एकवीस आकडे, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. अशी वही मी जन्मात लिहू शकणार नाही.

साडेसहाला फोटो छापायला घेतला. प्रिंटर एकेक रेघ ओढत खाली येतो. आधी भिंत आली, मग खिडकीची कड, मग केस. भिंतीहून केस वेगळे दिसले तेव्हाच मला कळलं की या वेळी फसवणूक नाही. मग कपाळ आलं. मग डोळे.

मिटलेले होते.

"ताई," मी म्हणालो, "सांगू या की कागद संपला. बाळंतपण होऊ दे, मग बघू."

"बघू दे तिला," ताई म्हणाली. तिचा आवाजही धड निघत नव्हता. बाकीचा फोटो बाहेर येईपर्यंत मी तिथे थांबलोच नाही.

साडेसातला पोस्टातली बाई आली. खाली नवरा गाडी चालू ठेवून उभा होता. ताईने तिला खिडकीशी बसवलं, फोटो पुठ्ठ्यावर ठेवून तिच्या हातात दिला आणि एवढंच सांगितलं, "शाई अजून ओली आहे, बोट लावू नका. यात माझं काही नाही." मी दारात उभा होतो आणि मला त्या बाईच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

ती खूप वेळ चेहऱ्याकडेच बघत राहिली. "डोळे मिटलेत," ती म्हणाली. मला वाटलं आता ही रडणार, आणि मनात मी ताईला पुन्हा बोल लावायला सुरुवातही केली होती. मग त्या बाईने फोटो थोडा उजेडाकडे कलता केला. तिची नजर चेहऱ्यावरून खाली आली, खांद्यावर, बाहीवर. काळी बाही, काळं पांघरूण, त्यावर सावली. त्या तीन दुकानांच्या फोटोंत तिथे नुसता डाग होता. इथे बाही वेगळी होती, पांघरूण वेगळं होतं, आणि दोघांच्या मधून एक हात बाहेर आला होता. बाळाला गुंडाळलेल्या कपड्याची गाठ होती ना, तिच्यात त्या हाताची दोन बोटं अडकवलेली होती. नुसती टेकवलेली नव्हे, चांगली वाकवून अडकवलेली, झोपेत बाळ खाटेवरून घसरू नये म्हणून अडकवतात तशी.

मी ताईकडे पाहिलं. तिला ती बोटं फोटो छापून निघाला तेव्हाच दिसली होती. तिने मला सांगितलं नव्हतं, त्या बाईलाही दाखवलं नव्हतं. जिचं होतं तिला ते सापडू दिलं. त्या वेळी मला माझ्या बहिणीचा एवढा अभिमान वाटला की काय सांगू.

"झोपलीय हो ती," पोस्टातली बाई म्हणाली. "दमून झोपलीय. पण मला धरून झोपलीय."

खालून गाडीचा हॉर्न वाजला. ती खुर्चीच्या हातांना धरून सावकाश उठली, पुठ्ठा सांभाळत दोन पावलं टाकली आणि दारात ताईकडे वळली.

"एवढं मला जमेल," ती म्हणाली.