अर्धी गोळी

त्या दिवशी नगरच्या दवाखान्यात आम्ही तिघं बाकावर बसलो होतो... मी, आई आणि अण्णा. नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या एका नव्या गोळीची चाचणी संपली होती आणि अण्णांना काय दिलं होतं, ते डॉक्टर सांगणार होते.

अशा चाचणीत काहींना खरी गोळी देतात, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कुणाला कुठली, हे डॉक्टरांनाही माहीत नसतं. अण्णांना सगळं आधीच समजावलं होतं... पण देवळालीहून एसटीने येऊन आणलेली गोळी खोटी असेल, हे त्यांच्या मनात कशाला येतंय!

त्यांच्या धाकट्या भावाचं, आमच्या नानाकाकांचंही रक्त तपासलं होतं. कोलेस्टेरॉल दोघांचंही जास्त, पण काका चाचणीच्या नियमात बसले नाहीत. आणि अण्णा म्हणजे साधा आंबासुद्धा एकट्याने न खाणारा माणूस. रोज जेवण झालं की गोळी सुरीने कापायचे, अर्धी काकांना द्यायचे. डॉक्टरांना पत्ताच नाही.

पुढच्या वर्षी उसाला पाणी देताना काका गेले. हार्ट अटॅक. तेव्हापासून अण्णांचा एकच धोशा... आख्खी दिली असती तर नाना वाचला असता. अन्नावरची वासनाच उडाली त्यांची. आम्ही समजावून थकलो.

आणि आता डॉक्टर म्हणाले, तुमची गोळी बिनऔषधाची होती.

आई उखडलीच, माणसाला फसवलं म्हणून. मला मात्र, खरं सांगते, हायसं वाटलं. सुटले एकदाचे अण्णा... आख्खी दिली असती तरी काही फरक पडला नसता!

अण्णांनी डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "डॉक्टर नानाला म्हनले हुते, तू वेगळा येऊन औषध चालू कर. माझ्यातली अर्धी गोळी चालू हाय म्हनून तो आलाच न्हाई."

परतीच्या एसटीत अण्णा खिडकीकडे तोंड करून रडत होते. पुढे जगले तेवढी वर्षं त्यांचं ते ओझं काही उतरलं नाही.

आज तसलीच गोळी मीही घेते... खरी. अण्णांसारख्या कितीतरी जणांनी बिनऔषधाची घेतली, म्हणून खरीचा गुण कळला. त्या सगळ्यांचे मनापासून आभार.

परवा माझी जाऊ म्हणाली, मलाही दे की गं त्यातली एक. नाही दिली. हाताला धरून दवाखान्यात नेलं तिला. रुसली माझ्यावर... रुसू दे.